गॅलरी लाफायेतच्या घुमटाखाली

आज पॅरिसच्या बुलेव्हार ओस्मानवरील गॅलरी लाफायेत या भव्य दुकानात बराच वेळ घालवला. खरेदी नावापुरती झाली, कारण नजर सारखी वर जात होती. तेओफिल बादेर आणि अल्फाँस कान या चुलतभावांनी १८९३ साली एका लहानशा दुकानापासून सुरू केलेल्या या व्यवसायाला १९१२ मध्ये वास्तुविशारद फेर्दिनां शानू यांनी रंगीत काचांचा, सुमारे ४३ मीटर उंचीचा घुमट दिला. जाक ग्रुबेर यांच्या त्या काचांतून गाळून आलेला सोनेरी उजेड मधल्या मोकळ्या चौकातून प्रत्येक मजल्यावरच्या मालापर्यंत पोहोचतो, म्हणजे येथे सौंदर्य आणि व्यापार यांची सांगड पायापासूनच घातलेली आहे. लुई माजोरेल यांच्या कठड्यांपाशी तर मी थबकलोच. लोखंडाची पाने एकमेकांत इतकी सहज गुंतली आहेत की त्यांवरून हात फिरवावासा वाटतो. याच माजोरेल यांचा भव्य जिना मात्र १९७४ मध्ये काढून टाकण्यात आला. विक्रीसाठी जागा लागते हे मान्य केले, तरी ज्या जिन्यासाठी लोकांनी मुद्दाम यावे, तो गमावणे हा मला तोट्याचाच व्यवहार वाटतो.