तुम्ही विचारलंत म्हणून: सहाव्या जागेवर मी का बसत नाही

"खांदा कसा आहे आता?" हा प्रश्न मंडळाच्या हळदीकुंकवातही येतो आणि सहा जणींनी वल्हवायच्या हवाईयन होड्यांच्या आमच्या क्लबच्या धक्क्यावरही. विचारायचं असतं दुसरंच. स्टीअरिंग सोडलंस, रेसला बसत नाहीस, मग दर शनिवारी पहाटे उठून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या ॲलमीडाला जातेस कशाला? मंडळातल्यांना वाटतं, हिला वेड लागलंय. क्लबातल्यांना वाटतं, ही घाबरली. तीन वर्षं मी दोघांनाही खांदाच सांगत आले. आता एकदा लिहूनच टाकते.

आधी मंडळासाठी. मी मालवणची असले तरी होडीतली नव्हे. आमचं घर बँकेच्या पगारावर चालायचं. रापणीच्या होड्या बघायच्या त्या वाळूत उभं राहून, चपला हातात धरून. पण होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेल्या त्या लाकडाला उलांडी म्हणतात, हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. इथे पहिल्या दिवशी कोचने तेच लाकूड दाखवून "याला अमा म्हणायचं, दांड्यांना इआको" असं सांगितलं, तेव्हा मी परीक्षेत पाठ केलेला प्रश्न आल्यासारखी खूश झाले. आईला फोन केला. ती म्हणाली, "वल्ही मारून पोट भरणारे तडीक येवक बगतत, आणि तू पैशे भरून वल्ही मारतंस?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पैसे भरून आम्ही काय करतो म्हणाल, तर निम्मा वेळ हमाली. होडी 44 फूट लांब, वजन 180 किलोंच्या आसपास. ती उचलायची, पाण्यात सोडायची, परत आणून गोड्या पाण्याने धुवायची. इआको रबराच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे; पट्टी ताणत ताणत गुंडाळायची, एक फेरा सैल पडला तर सगळं सोडून पुन्हा. होडी ओलांडायची नाही, तिच्यात बसून शिवी द्यायची नाही. हे नियम हवाईचे, आमचे कोणाचेच नव्हेत. दुसऱ्यांचं व्रत आपण कुठवर आपलं म्हणायचं, हा प्रश्न मला पडतो, पण होडीला पाय लागला की हात आपोआप नमस्काराला जातो. रेगाटाच्या, म्हणजे शर्यतींच्या, दिवशी सकाळी आठपासून तंबू, आधी पोरांच्या शर्यती, मग नवशिके, शेवटी आम्ही म्हाताऱ्या. स्पॅम मुसुबीच्या (भातावर डबाबंद मांसाचा काप, हवाईचा खाऊ) शेजारी माझा पोह्यांचा टोप असतो आणि तो आधी संपतो. हे मी मुद्दाम लिहितेय.

आता सहावी जागा. पहिल्या जागेवरची लय धरते, तिसरी दर बारा-पंधरा वल्ह्यांनी "हट" ओरडते, मग सगळ्या एकदम बाजू बदलतात. सहावी म्हणजे आपला तांडेल. तिच्या हातात सुकाणू म्हणून वल्हंच, आणि तोंडात हुकूम. चार वर्षं मी त्या जागेवर बसले. तेव्हाची मी फार बोलायची. हवाईत मोलोकाई बेटाहून ओआहू बेटाला जाणारी पुरुषांची शर्यत 1952 पासून चालू आहे, बायकांची अधिकृत शर्यत व्हायला 1979 उजाडलं, हे मी कोणाच्याही बारशात सांगायची. स्वतः ती खाडी पार केली असावी अशा थाटात.

जुलैतली गोष्ट. ओकलंडच्या खाडीतून बाहेर पडून, पुलाखालून, ट्रेझर आयलंडला वळसा घालायचा होता. दुपारी गोल्डन गेटमधून वारा आत येतो. त्यात ओहोटी बाहेर निघालेली असली की पाणी आणि वारा समोरासमोर भिडतात आणि लाटा बुटक्या, उभ्या, जवळजवळ उठतात. आम्ही उत्तरेला चाललो होतो, म्हणजे वारा डावीकडून. अमा नेहमी डावीकडेच असते. लाट तिच्या पोटाखाली शिरते आणि तिला उचलू बघते. अशा वेळी तांडेलाने सरळ जावं, बाकीच्यांनी अंग डावीकडे टाकावं. आमच्या पुढे एक होडी होती. आतल्या बाजूने वळून तिला मागे टाकता येईल असं मला दिसलं. मी वल्हं होडीच्या अंगाला लावून नाक उजवीकडे घेतलं. अमा उठली. "अमा!" म्हणून मी ओरडले, पण तोवर ती डोक्यावरून येत होती.

होडी अशी उलटली की तिला हुली म्हणतात आणि हुली सगळ्यांची होते. त्याची लाज मला कधीच वाटली नाही. सराव आम्ही दरवर्षी करतो. त्या वेळी कोच हटकून हवाईच्या होकुलेआची गोष्ट सांगतात: 1978 च्या मार्चमध्ये ती जोडनौका मोलोकाईच्या खाडीत उलटली, तिच्यावरचा एडी ऐकाऊ सर्फबोर्ड घेऊन मदत आणायला निघाला आणि परत आलाच नाही. म्हणून होडी सोडायची नाही. आणि वर आलं की सगळ्यात आधी मोजायचं. आपापला नंबर ओरडायचा, सहावीने शेवटी.

पंधरा अंशांचं पाणी छातीवर बसतं, श्वास आखूड होतो. मी वर आले ती वल्हं घट्ट धरून. "एक!" "दोन!" "तीन!" मग "पाच!" आणि मी म्हणाले, "सहा!"

म्हणाले आणि पुढच्या कामाला लागलेसुद्धा. होडीच्या बुडावर कोण चढणार, अमा खालून कोण रेटणार, हुकूम सोडत होते. पहिल्या जागेवरची पोर पलीकडून ओरडली, "चार कुठेय?"

तेव्हा आवाज आला. आतून. वल्ह्याची मूठ होडीच्या बुडाला आपटल्याचा, ठक, ठक. चौथ्या जागेवरच्या बाई बासष्ट वर्षांच्या. पाण्याच्या बाटलीच्या दोरीत त्यांचा पाय अडकला होता. उलट्या होडीखाली जी हवा राहते तिच्यात तोंड धरून त्या थांबल्या होत्या, शिकवल्याप्रमाणे. पहिल्या जागेवरच्या पोरीने बुडी मारली, दोरी सोडवली. बाई वर आल्या, थुंकल्या, हसल्या. सगळं मिळून वीस सेकंद असतील. त्या म्हणतात, दहा. आम्ही होडी सुलटी केली, पाणी उपसलं, शर्यत पुरीही केली. शेवटून दुसऱ्या आलो. रात्री त्याच बाईंनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला.

कोणी एका शब्दाने बोललं नाही. पहिल्या जागेवरच्या पोरीने होडीत चढताना एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, इतकंच. तेही थंडीने असेल.

तुम्ही म्हणाल, इतक्या वाऱ्यात ऐकू आलं नसेल. तेव्हाची मीही हेच म्हणायची. पण ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मी ऐकतच नव्हते. माझा नंबर येण्याची वाट बघत होते. उजवीकडे वळणं ही चूक, ती दुरुस्त होते, पुढच्या वेळी वळायचं नाही. ही दुसरी कशी दुरुस्त करायची ते मला कळत नाही. नवरा म्हणतो, तू उगाच वाढवतेस. वाढवतही असेन. त्या बाई आजही चौथ्या जागेवर बसून शर्यती मारतात, आणि मी धक्क्यावर रबर ताणत बसते, यात शहाणपण कुठलं, असं कोणी विचारलं तर मला राग येतो, कारण ते बरोबर आहे.

आणि तरी जाते कशाला? घरी बसले तर शनिवारी सात वाजता घड्याळाकडे बघत राहते, म्हणून. शिवाय माझ्याइतकी घट्ट पट्टी क्लबात कोणी बांधत नाही.

गेल्या शनिवारी नवशिक्यांचा हुलीचा सराव होता. मोजणी माझ्याकडे. सहाही नंबर नीट आले, मी म्हटलं पुन्हा मोजा. पुन्हा आले. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा चौथ्या नंबरचा मुलगा दात वाजवत म्हणाला, "मावशी, मी तुमच्या समोरच आहे की!" 'मावशी' हा शब्द मीच क्लबाला शिकवलाय. कोच हसले. जाताना त्यांनी विचारलं, पुढच्या रेगाटाला या पोरांसाठी सहावीत बसशील का? अर्ध्या मैलाचीच शर्यत, सपाट पाणी.

बघू, म्हटलं. खांदा जरा दुखतोय.