आवाज कमी केला तेव्हा

फोन आला म्हणून त्याने गाण्याचा आवाज कमी केला. एवढंच झालं. फोन संपला, आवाज तसाच राहिला. ‘शुक्रतारा’ कुठेतरी तळाशी चालू होतं, अरुण दाते ऐकू येतायत की मला नुसते आठवतायत तेही कळत नव्हतं, आणि तो पुढच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होता. बटण माझ्याही हाताशी होतं. पण त्याने वाढवावा असं वाटत होतं.

संध्याकाळपासून तेच घोळतंय. गाणं १९६२ चं, म्हणजे खरं तर आईच्या पिढीचं. तरी ते लागलं की मला आमचीच ती वर्षं आठवतात. तो जिना, ती पत्रं... जाऊ दे.

त्याला नाही का आठवत? सगळं मीच का आठवायचं?

पाडगावकरांनी त्यात मागितलंय तरी काय, जवळ राहा, इतकंच. आधी तो तिला म्हणतो, मग ती त्याला. श्रीनिवास खळ्यांची चाल दोघांनाही घाई करू देत नाही. दाते मूळचे इंदूरचे, शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनिअर. मराठी उच्चारांच्या धास्तीने ते आधी गायलाच तयार नव्हते म्हणतात. सुधा मल्होत्रा तर हिंदीत गाणाऱ्या. म्हणूनच की काय, दोघांनीही एकेक शब्द जपून उचललाय. घरात इतकं जपून कोण बोलतं? आमचं आज दिवसभरात गॅसचा नंबर लावला का आणि किल्ली कुठे आहे, एवढंच बोलणं झालं.

आणि आवाज? दोन सेकंदांचं काम होतं ते.

मे २०१८ मध्ये दाते गेले, त्या दिवशी मी घरात एकामागून एक त्यांचीच गाणी लावली होती. तो बाहेरून आला. काय झालं, कोण गेलं, काहीही विचारलं नाही. बूटसुद्धा न काढता शेजारी येऊन बसला आणि ‘शुक्रतारा’ संपेपर्यंत उठला नाही. हे मला आत्ता लिहिता लिहिता आठवलं, आणि पेन थोडा वेळ तसंच राहिलं हातात.

त्याला दात्यांचा आवाज आजही ओळखता येत नाही. नाही तर नाही. त्या दिवशी बसला होता ना.

आत्ता मोबाइलवर पुन्हा तेच लावलंय. तिचं कडवं आलंय. शब्दांत कसं सांगू म्हणून लाजते, आणि तरी सांगून टाकते. मला या गाण्यात सगळ्यात जास्त तीच आवडते, अगदी पहिल्यापासून.

तो आतल्या खोलीत लॅपटॉपवर काहीतरी करतोय. हाक मारतेच त्याला.