तुम्ही विचारलंत म्हणून: पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून नोकरी लागते का?

हा प्रश्न मुलांपेक्षा त्यांचे वडील जास्त विचारतात. त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकायचं असतं आणि नेमकं तेच सांगता येत नाही.

जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षकाची जागा मिळाली तर उत्तमच. २०२३च्या भरतीत ती होती, पण पुढच्या जाहिरातीच्या भरवशावर घरी बसू नका. १९६२ या हेल्पलाइनवर फोन केला की येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकात डॉक्टरसोबत एक सहायक असतो, दूध संघांनाही माणसं लागतात. आणि कृत्रिम रेतनात ज्याचा हात बसला, त्याला गावात काम कमी पडत नाही. हात बसणं म्हणजे काय, तर द्रव नायट्रोजनमधून रेताची कांडी काढताना कॅनिस्टर (कांड्या ठेवायचं भांडं) कंटेनरच्या गळ्याच्या वर येऊ द्यायचा नाही, कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, मग पुसून कोरडी करायची. पाण्याचा थेंब रेताला लागला की शुक्राणू मरतात. सकाळी माज दिसला तर गाय संध्याकाळी भरवायची. यात कुठेही चुकलं की गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो.

खरी अडचण वेगळीच आहे. जास्त दुधाची गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरणं. डॉक्टर तालुक्याला, तुम्ही शेजारच्या वस्तीवर आणि शेतकरी हात जोडून म्हणतो, ‘दादा, बाटली लावा’, म्हणजे शिरेतून कॅल्शियम द्या. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं कलम ३० तुम्हाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी असे प्राथमिक उपचार करू देतं. शिरेतून कॅल्शियम ही मलमपट्टी नव्हे. साडेचारशे मिलीची बाटली घाईनं सोडली तर हृदय जागीच बंद पडू शकतं. ती अंगाइतकी कोमट करून, ठोके ऐकत, दहा-वीस मिनिटं सावकाश द्यावी लागते. पण काहीच केलं नाही तर गाय काही तासांत जाते, हेही तितकंच खरं.

अशा वेळी आधी डॉक्टरांना फोन. ते येईपर्यंत गायीला आडवी पडू देऊ नका. दोन्ही बाजूंनी भरलेली पोती लावून छातीवर बसती ठेवा, नाहीतर पोट फुगतं. तोंडानं काहीही पाजू नका. तिला गिळता येत नसतं, पाजलेलं फुप्फुसात जातं. शेजारीपाजारी गूळपाणी घेऊन धावतात, त्यांना अडवणं हेही तुमचंच काम.

‘डिप्लोमावाले आमच्या पोटावर पाय देतात’ असं काही डॉक्टर म्हणतात. त्याचा मला राग येतो. रात्री दोनला वस्तीवर कोण पोचतं? पण चुकीच्या हातानं लावलेल्या बाटलीनं गायी मरतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटंही म्हणवत नाही. पूर्वी मी ‘डिप्लोमा करा, पोट भरेल’ एवढंच सांगायचो. आजही पोट भरतं असंच म्हणेन, पण कायदा आणि वस्ती यांच्या मधोमध उभं राहायची तयारी आहे का, हे मुलालाच विचारा. आणि प्रवेशाआधी दोन गोष्टी पाहा: कॉलेजला माफसूची (नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) मान्यता आहे का, आणि सरावाला गोठ्यात प्रत्यक्ष जनावरं किती आहेत.