दुसऱ्यासाठी मागण्याचा मान

आज संध्याकाळी शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवलं. "अगं, नातवाचं उद्या ऑपरेशन आहे. तुझ्या प्रभूजवळ त्याचं नाव घेशील ना?" काकू रोज विठोबासमोर दिवा लावतात, तरी किती विश्वासानं त्यांनी हे माझ्यावर सोपवलं! तिथेच त्यांचा हात धरून प्रार्थना केली.

तेव्हापासून अब्राहाम मनात आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, 18व्या अध्यायात, तो सदोम नगराचा नाश होऊ नये म्हणून देवाला विनवतो. 50 नीतिमान सापडले तर? 45? 40? करत करत 10वर येतो. (पुतण्या लोट तिथेच राहत होता, पण अब्राहाम त्याचं नावही काढत नाही, अख्ख्या नगरासाठी मागतो.) आणि देव दरवेळी ऐकून घेतो!

जुन्या करारात (बायबलच्या पहिल्या भागात) परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात, फक्त महायाजक (मुख्य पुरोहित) जायचा, तोही वर्षातून एकाच दिवशी. आज येशूच्या नावानं माझ्यासारखी साधी बाई थेट देवापुढे जाते, आणि तेही शेजारच्या लेकरासाठी. एवढा मोठा मान मला मिळालाय, याचंच भरून येतंय.

ऑपरेशन सकाळी आहे. मंडळीतल्या सगळ्यांनी बाळासाठी, डॉक्टरांसाठी आणि काकूंसाठीही प्रार्थना करा. तुमच्याही घरी कोणी आजारी असेल तर कळवा, आज रात्री त्यांच्यासाठीही मागते.