दहाच्या आत खाली

साडेनऊला हवालदार माझ्या डीजेच्या टेम्पोजवळ आले आणि हसतच कानडीत म्हणाले, "हत्त गंटेगे बंद, हां." म्हणजे दहाला बंद. मी मान डोलावली. समोर बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या गल्लीत दोनेकशे माणसं १२४ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांवर, नाचत होती, नवरदेव घोड्यावरून उतरून कधीच गर्दीत घुसला होता, आणि घर अजून दोन वळणं लांब होतं.

रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, हा नियम २००० सालचा. त्याच्याशी माझं भांडण नाही. बाळंतिणी आणि म्हातारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. पण तीन वर्षांपूर्वी एका वरातीत दहाच्या ठोक्याला मी सरळ मेन स्विच खाली ओढला होता. अंगात आलेली पोरं अचानक शांततेत उभी राहिली की काय करतात, ते त्या रात्री बघितलं. टेम्पोची काच मीच भरून दिली. तेव्हापासून आधी माणसं उतरवतो, मग गाणं बंद करतो.

१२४ वरून ९६ वर यायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. एकदम तीन-चार बीपीएम काढले तर पाय अडखळतात, मग पोरं मान वर करून टेम्पोकडे बघतात, आणि एकदा बघितलं की "काय झालं बे?" सुरू होतं. म्हणून दर बत्तीस ठोक्यांनी अर्धा बीपीएम. १२४ ला बत्तीस ठोके म्हणजे साडेपंधरा सेकंद, ९६ ला वीस. छप्पन्न पायऱ्या, सोळा-सतरा मिनिटं. एकच गाणं एवढं ताणलं तर गायक गुळणी धरून गातोय असं वाटतं, त्यामुळे गाण्यांची उतरंड आधीच लावलेली असते: मूळ १२० चं गाणं तीन टक्के चढवून घ्यायचं आणि तीन टक्के उतरवून सोडायचं, तिथं ११३ चं पकडायचं, मग १०६, मग ९९. वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं की-लॉक चालू पाहिजे, नाहीतर सहा टक्क्यांत सूर जवळजवळ अर्धा स्वर खाली येतो आणि कारण न कळता गर्दीला मरगळ येते. वेगाच्या स्लायडरची रेंज सहा टक्क्यांवरच. सोळावर ठेवली तर बोट थरथरलं तरी अर्धा बीपीएम जातो. आणि हलवायचं ते नुसता ढोल चालू असताना. गायकाचा आवाज असताना हलवलं तर कान लगेच धरतो.

हे हातानंच करावं लागतं. आमच्याकडे मागणी असते ती जुनी गाणी माणसांनी वाजवलेली आहेत, कडव्यापर्यंत जाताना ती स्वतःच दोन बीपीएम पळतात. ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबून मोबाइल बघत बसणारी नवी पोरं इथंच तोंडावर पडतात, आणि मग वरून भोंगा वाजवून झाकतात.

त्या दिवशी मात्र डीजेबरोबर हलगीही होती. नवऱ्याच्या आजोबांचा हट्ट. हलगीला कसलं सिंक? ती तापेल तशी चढते. संध्याकाळपासून हलगीवाले मामा मला १०० वरून १२४ पर्यंत ओढत आले होते आणि मी स्लायडर धरून त्यांच्या मागं. (त्यांची सुपारी माझ्या जनरेटरच्या डिझेलहून कमी होती, हे मला नंतर कळलं.)

दुपारी वळवाचा पाऊस झालेला. हवेतल्या ओलीनं कातडं ढिलं पडलं, तशी नऊ-चाळीसला मामा हलगी शेकायला कोपऱ्यावर गेले. मूठभर पिंजर, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, पेटवून वरून हलगी फिरवायची, बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा, परत फिरवायची. मी संधी साधली आणि उतरायला लागलो. ते सातेक मिनिटांनी आले तेव्हा ११२ वर होतो. पोरं मजेत नाचत होती, कुणालाही पत्ता नाही.

मामा उभे राहिले. हलगी खांद्याला, काठी हातात, पण वाजवेनात. माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं.

"वाजवा की मामा!" कोणीतरी ओरडलं.

मला भीती होती की ते १२४ वरच मारतील. पण त्यांनी ११२ धरला. मग एकेक ठोका गाळायला लागले, उरलेले जड करत गेले, आणि खाली ओढायला लागले, माझ्या दुप्पट वेगानं. माझं अर्ध्याअर्ध्याचं गणित गेलं. १०६ चं गाणं मिनिटभरही टिकलं नाही. समोर उड्या थांबल्या, नुसते खांदे हलायला लागले, आणि कट्ट्यावरच्या बायका पदर खोचून गर्दीत आल्या. नऊ छप्पन्नला वरात दारात. आरती ओवाळेपर्यंत मी आवाज शून्यावर आणला होता. परत बंद कधी केलास म्हणून विचारायला कुणी आलं नाही.

वायरी गुंडाळताना मामा जवळ आले. "चढवायला कुणीबी चढवतंय. उतरवताना हात जड ठेवायचा. तुझा हलका पडत होता." जाता जाता वळून म्हणाले, "आणि मी नसताना उतरवलास ते बरं केलास नाही."

घरी सेटचं रेकॉर्डिंग लावलं. शेवटचं गाणं ९९ चं. सहाच्या रेंजमध्ये ते ९३ च्या खाली जाऊच शकत नाही. रेकॉर्डिंगमध्ये ते ८९ वर आहे. म्हणजे मी घाईत रेंज दहावर टाकली, आणि गाणं एका झटक्यात चार बीपीएम पडलं. ऐकताना स्पष्ट कळतं, ठेच लागल्यासारखं. गल्लीत एकाचाही पाय अडखळला नव्हता. तीनदा ऐकलं. रेकॉर्डिंग मिक्सरमधून निघतं तेवढंच होतं, त्यात हलगी नाही.