बाईंची तिसरी ओळ

स्मरणिका समितीने पाचशे शब्द सांगितले होते, माझे जास्त होणार आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कापायचंच झालं तर माझ्या नोकरीबद्दल जे लिहिलंय ते कापा, बाईंचं काही कापू नका.

शाळेच्या अमृत महोत्सवाचं पत्र बॅचच्या ग्रुपवर आलं तेव्हा मी कल्याणला प्लॅटफॉर्मवर उभा होतो. पत्र वाचलं आणि पहिलं काय आठवलं तर १४ नंबरचा वर्ग, जिन्याशेजारचा, आणि फळ्यावर बाईंनी आखलेले चार आडवे रकाने. गॅदरिंग नाही, कबड्डीचा कप नाही, पावसात गळणारी ड्रॉइंगची खोली पण नाही. गणिताच्या बाई. नाव लिहित नाही, आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

आम्ही १९९५ ची बारावी. दहावीपर्यंत सगळं मराठीतून आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्लिश, त्यामुळे निम्मा वर्ग नुसता घाबरलेला असायचा. त्यात लॉजिकचा धडा. आकडे नाहीत, समीकरणं नाहीत, नुसती वाक्यं आणि बाण. बाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, हे तुम्हाला सगळं येतं, तुम्ही रोज बोलता ते. मग विचारलं, 'चहा किंवा कॉफी आणा' आणि 'चहा आणू की कॉफी' यात फरक काय? आपली 'की' एकच निवडायला लावते, 'किंवा' मध्ये दोन्ही आणले तरी चालतं, लॉजिकमधला 'ऑर' म्हणजे आपला 'किंवा'. इतकी वर्षं झाली, तो फरक मला परत कोणाला विचारावा लागलेला नाही.

आणि 'तरच'. बाई म्हणायच्या त्या एका 'च'ने बाण उलटा फिरतो. उदाहरण रेशन दुकानाचं. 'कार्ड असेल तरच रॉकेल मिळेल' अशी पाटी आहे. म्हणजे कार्ड असलं की रॉकेल मिळेल का? आम्ही सगळे एकदम 'नाही' म्हणून ओरडलो, कारण कार्ड घेऊन दोन दोन तास उभं राहून रिकामा डबा घेऊन परत आलेले आम्हीच होतो. मग ती पाटी काय सांगते? ज्याच्या डब्यात रॉकेल आहे त्याच्याकडे कार्ड आहे, एवढंच. बाण रॉकेलकडून कार्डाकडे जातो, कार्डाकडून रॉकेलकडे नाही. गिरणगावातल्या पोरांना हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण असेल असं मला वाटत नाही.

पण खरी अडचण 'जर-तर'च्या टेबलची होती, म्हणजे पी आणि क्यू अशी दोन वाक्यं घ्यायची आणि त्यांच्या खऱ्या-खोट्याच्या चारही शक्यता चार ओळींत मांडायच्या. 'पी असेल तर क्यू' हे वाक्य खोटं कधी, तर फक्त पी खरं आणि क्यू खोटं असताना. बाकी तिन्ही ओळींत खरं. तिसऱ्या ओळीवर सगळे अडायचे, पी खोटं, क्यू खरं, आणि तरीही अख्खं वाक्य खरं? बाईंनी विचारलं, वडील म्हणाले बोनस झाला तर दिवाळीला नवा शर्ट घेईन. बोनस झाला नाही. पण शर्ट आणला. वडील खोटं बोलले का? वर्ग शांत झाला. आमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं १९८२ च्या संपानंतर कशी चालली ते बाईंना माहीत होतं. माझ्या घरी ती तिसरी ओळ खरोखर झालेली होती, बोनस सोडा, वडिलांची गिरणीच राहिली नव्हती, आई डबे करायची आणि त्यातून शर्ट यायचा. त्या दिवसापासून ते टेबल मी पाठ केलं नाही, ते मला कळलं होतं.

आता गच्चीची गोष्ट. आमच्या बॅचला माहीत आहे पण बाकीच्यांसाठी लिहितो.

जानेवारीचा महिना, संक्रांत नुकतीच झालेली, गॅदरिंगसाठी रंगकाम चालू होतं आणि गच्चीच्या जिन्याच्या कठड्याला निळा ऑइलपेंट दिला होता, ओला. वर जायला बंदी होती. तरी कोणीतरी पतंग उडवायला वर गेलं आणि कठड्यावरची एक कुंडी खाली पटांगणात पडली, पाचवीच्या मुलांपासून चार हातांवर. कोणाला लागलं नाही हे नशीब. साहजिकच सुपरवायझर सर प्रचंड चिडले होते. जिना अरुंद, जो वर गेला त्याच्या कपड्याला रंग लागल्याशिवाय राहणारच नाही असं त्यांनी ठरवलं आणि वर्गावर्गातून शर्ट बघत निघाले. आमच्या वर्गात आले तर माझ्या उजव्या बाहीवर निळा पट्टा. सरांनी मला बाकावरून उठवलं आणि म्हणाले, हा घ्या, सापडला, उद्या वडिलांना घेऊन यायचं. माझी फी माफ होती. ती जाईल या विचाराने माझ्या तोंडून एक शब्द फुटेना.

बाई म्हणाल्या, सर, दोन मिनिटं द्या. आणि त्या फळ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. पी, मुलगा गच्चीवर गेला. क्यू, शर्टाला रंग लागला. चार ओळी आखल्या. सरांना म्हणाल्या, तुमचं वाक्य 'गेला तर रंग लागला', ते आपण खरं धरू. रंग लागलाय, तेही खरं, दिसतोय. आता अशी एखादी ओळ आहे का जिथे ही दोन्ही खरी आहेत आणि मुलगा मात्र वर गेलेलाच नाही? आणि खडू तिसऱ्या ओळीवर ठेवला. ही ओळ आहे तोपर्यंत तुम्हाला याला नेता येणार नाही.

मग त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, ज्यांचे शर्ट स्वच्छ आहेत ते मात्र सरांच्याच वाक्याने सुटले. गेला असता तर रंग लागला असता, रंग नाही, म्हणजे गेला नाही, हे पक्कं. अर्थात पहिलं वाक्य खरं असेल तर, अंग चोरून कोणी वर जाऊ शकतं का ते जिन्यावर जाऊन बघावं लागेल. म्हणजे अख्खा धडा त्या दोन मिनिटांत झाला, कुठला निष्कर्ष निघतो, कुठला निघत नाही, आणि निष्कर्ष नियमाने निघाला तरी ज्या वाक्यावरून काढला ते वाक्यच खरं आहे का हा वेगळा प्रश्न. सर थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले, 'बरं, मग शोधावं लागेल' म्हणाले आणि गेले. त्यांचाही मोठेपणा म्हणायला हवा.

मला खरं तर वाटलं होतं की बाई म्हणतील, हा चांगला मुलगा आहे, हा असं करणार नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. सुट्टीत मी विचारलं, बाई, तुम्हाला वाटतं का मी वर गेलो होतो? म्हणाल्या, मला माहीत नाही, तुझ्या शर्टावरून मला काहीच कळत नाही. मला ते फार लागलं, डोळ्यात पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, कुठे होतास? मी सांगितलं पाण्याच्या नळाजवळ, तिथल्या पाइपलाही तोच रंग दिलाय. बाई डबा तसाच ठेवून माझ्याबरोबर खाली आल्या. पाइपवर बाही घासल्याचा पट्टा होता, माझ्या हाताच्या उंचीला. त्यांनी तो वाकून बघितला आणि म्हणाल्या, आता मला माहीत आहे. सरांना जाऊन त्यांनीच सांगितलं. गच्चीवर कोण गेलं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

'चांगला मुलगा' म्हणून बाईंनी मला सोडवलं असतं तर पुढच्या वेळी 'वाईट मुलगा' म्हणून दुसऱ्या कोणाला अडकवताही आलं असतं, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

बाईंचं वाचन दांडगं होतं. धूर दिसला की आग आहे हे न्यायशास्त्राचं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं, उदाहरण त्या सांगायच्या आणि लगेच उलटं चालत नाही हेही दाखवायच्या, लोखंडाचा गोळा लालबुंद तापलाय, आग आहे पण धूर कुठे आहे? लॉजिकला गणितात बसवणाऱ्या जॉर्ज बूलचं पुस्तक १८५४ चं, हे लक्षात राहावं म्हणून सांगायच्या की बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याच्या पुढच्याच वर्षी. आणि ज्याच्या नियमांनी आम्ही 'आणि'चं 'किंवा' करायचो तो डी मॉर्गन जन्मला आपल्या मदुराईत, १८०६ साली, हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की जणू घरचाच माणूस.

गाडीवरून माझ्या कामाचं थोडं सांगतो. मी रेल्वे सिग्नलिंगमध्ये आहे, एका खाजगी कंपनीत, इंटरलॉकिंगचं, म्हणजे चुकीचा सिग्नल सुटूच नये म्हणून सिग्नल आणि रूळ एकमेकांना बांधणाऱ्या यंत्रणेचं, लॉजिक तपासणाऱ्या टीमचा प्रमुख. रुळांना तुकड्यातुकड्याने हलका करंट दिलेला असतो आणि त्यावर एक रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, उचललेला राहतो. गाडी त्या तुकड्यावर आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं. आता बघा. गाडी असेल तर रिले पडतो. रिले पडला, म्हणून गाडी आहे का? नाही! वायर तुटली तरी पडतो, रूळ तुटला तरी पडतो, आपल्या मुंबईच्या पावसात रूळ पाण्याखाली गेले की करंट पाण्यातून गळतो आणि तरीही पडतो. पण रिले उचललेला आहे, म्हणजे गाडी नाही, हे धरता येतं, आणि अख्खी सुरक्षा त्यावर उभी आहे. ट्रेनिंगला पहिल्यांदा हे सर्किट कागदावर बघितलं तेव्हा मला माझी निळी बाही आणि बाकीच्यांचे पांढरे शर्ट दिसले, शपथ सांगतो.

मार्ग लावलेला असेल, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ) लॉक असतील आणि पुढचे तुकडे रिकामे असतील तरच सिग्नल सुटणार. तरच. नवीन इंजिनियर मुलं हुशार आहेत पण 'तर' आणि 'तरच' मध्ये अजून गडबड करतात, मग मी त्यांना रेशन कार्डाची गोष्ट सांगतो, रॉकेलची लाइन त्यांनी बघितलेली नाही तरी समजते. वीस इनपुट असले की टेबलच्या ओळी १०,४८,५७६ होतात, त्या हाताने कोणी तपासत नाही, कॉम्प्युटर तपासतो, पण कुठल्या ओळीची भीती बाळगायची ते माणसालाच माहीत असावं लागतं.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. जुनी इमारत गेली, लिफ्ट आली, चांगलंच झालं, पण १४ नंबर नाही आणि मराठी माध्यमाच्या तुकड्या किती कमी झाल्यात ते बघून जीव तुटला. माझी भाची यंदा बारावीला आहे, तिच्या क्लासमध्ये लॉजिक म्हणजे 'पक्के मार्क', टेबल पाठ करा आणि पुढे चला. तिसरी ओळ खरी का, विचारलं तर म्हणाली मामा, ते तसंच असतं. आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात कोणाचं तरी पार्सल हरवलं आणि त्या वेळी जिन्यात दिसला म्हणून एका डिलिव्हरीच्या पोराला गेटवर दोन तास बसवून ठेवलं. मी बोललो, एकट्याने, कोणी ऐकलं नाही. फळा हवा होता.

बाई डोंबिवलीला असतात. जानेवारीत जाऊन आलो, माझ्या कामाचा एक तक्ता दाखवायला नेला होता. चष्मा पुसून अर्धा तास बघत होत्या, मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, हे दोन्ही एकदम झालं तर? ती ओळ आम्ही तपासलेली होती. 'कशी तपासलीस ते सांग' म्हणाल्या आणि मी सांगत बसलो, चहा गार झाला.

समितीला विनंती, समारंभाला बाईंना मी घेऊन येतोय, गाडी माझी आहे. त्यांचे गुडघे दुखतात, स्टेजच्या पायऱ्या चढवू नका, खालीच पहिल्या रांगेत हाताची खुर्ची ठेवा, स्पीकरपासून लांब. जुन्या वर्गाचा लाकडी फळा स्टोअरमध्ये अजून असेल तर तो बाहेर काढून त्यांच्या समोर ठेवा. खडू मी आणतो.