दक्षिणमुखी दार आणि आरपार वारा

बीजिंगमधील निषिद्ध नगरीचे मुख्य प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. 1406 ते 1420 या काळात उभारलेल्या या राजवाड्यात सम्राटाचे सिंहासनही दक्षिणेकडे तोंड करून मांडलेले आहे, आणि उत्तरेला, खंदक खणताना निघालेल्या मातीची टेकडी रचून राजवाड्याच्या पाठीला आधार दिलेला आहे. पाठीशी डोंगर, पुढे मोकळी जागा आणि समोरून वळण घेत जाणारे पाणी, ही फेंग शुईची, म्हणजे घर आणि जागा यांच्या मांडणीच्या चिनी शास्त्राची, आदर्श मांडणी. आपल्याकडे मात्र दक्षिण ही यमाची दिशा, त्यामुळे 'दक्षिणमुखी' हा शब्द ऐकताच फ्लॅट पाहायला आलेली माणसे पुढचे काही न पाहता परत फिरतात. चीनमध्ये जी दिशा राजाला शोभते, ती आपल्याकडे विकत घ्यायलाही माणसे कचरतात, आणि तरीही अनेक सल्लागार वास्तुशास्त्र व फेंग शुई एकाच बैठकीत, एकाच नकाशावर सांगतात. घर सजवण्याच्या संदर्भात फेंग शुईकडे कसे पाहावे, हा विचार मी या विसंगतीपासून करू लागले.

विसंगतीचा उलगडा बराचसा हवामानात आहे. बीजिंग साधारण 40 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात उत्तर आणि वायव्येकडून कोरडे, बोचरे वारे येतात आणि भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर चढतो. अशा ठिकाणी उत्तरेला भिंत आणि दक्षिणेला दारे-खिडक्या ठेवल्या, तर तिरपे ऊन खोलीत खोलवर शिरते आणि थंडी मागच्या मागे अडते. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. येथे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, आपल्याला ऊन आत घेण्यापेक्षा अडवण्याची गरज अधिक असते आणि पावसाची झड नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येते. त्यामुळे नैर्ऋत्येची बाजू जड आणि बंद ठेवा, हे वास्तुशास्त्राचे सांगणे आपल्या पावसाळ्याशी जुळते, असे मला वाटते. दिशेला स्वतःचे शुभाशुभ नसते. त्या त्या प्रदेशातील ऊन, वारा आणि पाऊस यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेताना माणसांनी दिशांना अर्थ दिले, आणि पुढे कारणे विसरली गेली तरी नियम मात्र राहिले. म्हणून कोणताही नियम घरात आणण्यापूर्वी त्यामागचे कारण आपल्या घराला लागू पडते का, हे तपासणे मला फार महत्त्वाचे वाटते.

आमचेच घर घ्या. पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटचे दार पूर्वेला आहे, आणि दार उघडले की दिवाणखाना ओलांडून नजर थेट पश्चिमेच्या बाल्कनीतून बाहेर जाते. फेंग शुईत हा मोठा दोष मानतात. चौथ्या शतकात होऊन गेलेल्या गुओ पू यांच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथात 'ची', म्हणजे सर्वत्र वाहणारी प्राणशक्ती, वाऱ्यावर विखुरते आणि पाणी लागले की थांबते, असे सांगितले आहे. तो ग्रंथ खरे तर दफनभूमी कशी निवडावी यावर आहे, पण तोच विचार पुढे राहत्या घरांनाही लावला गेला. समोरासमोर दार आणि खिडकी असेल, तर 'ची' घरात न थांबता निघून जाते, असे त्यावरून म्हणतात. उत्तर चीनमधील चौकाच्या घरांत यावर सुंदर उपाय केलेला असतो. दार अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात असते आणि आत शिरताच समोर आडवी भिंत येते. येणाऱ्याला वळूनच अंगणात जावे लागते, आणि घरातील माणसे रस्त्यावरून दिसत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यांतही दिंडीदरवाजातून शिरले की आधी देवडी लागते, पाहुणा तेथे थबकतो आणि मगच चौकात येतो. दोन्ही ठिकाणी बाहेर आणि आत यांच्यामध्ये थोडी उसंत ठेवलेली आहे. ही उसंत आजच्या फ्लॅटमधून जवळजवळ नाहीशी झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ती परत आणायची, तर बाल्कनीसमोर उंच कपाट किंवा भरीव पार्टिशन उभे करा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तो आम्ही मानला नाही. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पश्चिमेकडून जो वारा येतो, त्याच्यावर आमचे सगळे घर निवते. तो अडवला तर बीजिंगच्या हिवाळ्यासाठी केलेला बंदोबस्त आम्ही पुण्याच्या उन्हाळ्यात भोगत बसू. म्हणून दारापासून चार पावलांवर, भिंतीला काटकोनात, सागवानी पट्ट्यांची एक जाळी बसवून घेतली. जाळी छातीपर्यंतच उंच आहे आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट आहे. वारा आरपार जातो, पण कुरिअरवाला दारात उभा असला तरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेल्या सासूबाई त्याला दिसत नाहीत. जाळीच्या आतल्या बाजूला एक लहानसे बाकडे आहे. त्यावर बसून चपला काढायच्या, पिशवी टेकवायची, किल्ल्या खुंटीला अडकवायच्या. पूर्वी घरात येणारा प्रत्येक जण चालता चालता वस्तू टाकत सोफ्यापर्यंत पोहोचत असे. आता तो दाराशी क्षणभर बसतो, आणि दिवाणखान्यातील निम्मा पसारा आपोआप कमी झाला आहे. या बदलाला 'ची' म्हणण्याची मला गरज वाटत नाही. परंतु तो विचार सुचला, तो दाराकडे इतक्या बारकाईने पाहायला शिकवणाऱ्या परंपरेमुळेच, हे मी कृतज्ञतेने मान्य करते.

स्वयंपाकघरातही असेच झाले. पंचतत्त्वांच्या चिनी विचारात पाणी लाकडाला वाढवते आणि लाकूड अग्नीला पोसते, त्यामुळे पाणी आणि अग्नी शेजारी आले तर मध्ये लाकूड असावे, असे सांगतात. आमच्या ओट्यावर सिंक आणि शेगडी यांच्यात हातभराचे अंतर आहे, आणि भांडी विसळताना उडालेले पाणी कढईतल्या तापलेल्या तेलात पडण्याची भीती रोजचीच. त्या हातभर जागेत आता पोळपाट उभा करून ठेवण्याचा लाकडी स्टँड आला आहे. शिंतोडे तेथेच अडतात, आणि पोळ्या करायला घेताना पोळपाट हाताशी असतो. नियम तत्त्वांच्या भाषेत सांगितलेला आहे, फायदा मात्र कोणत्याही गृहिणीला कळेल असा आहे.

दुकानांत फेंग शुई म्हणून जे विकले जाते, त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, लाल फितीत ओवलेली नाणी, पवनघंटा यांनी पैसा येतो, याला कोणताही आधार नाही. पैशांच्या ओढाताणीत असलेल्या माणसाला अशा वस्तू आशेच्या नावाखाली विकणे मला अयोग्य वाटते. ज्याला आपण लाफिंग बुद्धा म्हणतो ते गौतम बुद्ध नव्हेत, तर दहाव्या शतकाच्या सुमाराचे बुदाई नावाचे झोळीवाले चिनी भिक्षू आहेत, ज्यांना पुढे मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, अवतार मानले गेले. त्यांची मूर्ती आवडली तर अवश्य ठेवावी, पण कोणाची मूर्ती आहे हे जाणून ठेवावी. 'लकी बांबू' हा बांबूच नाही. ती मध्य आफ्रिकेतील ड्रसीना आहे, आणि थेट ऊन नसलेल्या कोपऱ्यात नुसत्या पाण्यावर ती जगते, हा तिचा खरा गुण आहे. पाणी आठवड्याला बदलावे, एवढीच तिची मागणी.

सल्ला देणाऱ्यांत मतभेद का असतात, हेही एकदा समजून घेणे बरे. पारंपरिक पद्धतीत लुओपान नावाच्या होकायंत्राने दिशा मोजतात. लिन युन यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेल्या पद्धतीत होकायंत्र बाजूला ठेवून, धनासारख्या आयुष्यातील आठ क्षेत्रांना घराचा एकेक भाग देणारा आराखडा थेट प्रवेशाच्या भिंतीला जुळवतात. साहजिकच एकाच घराचा 'धनाचा कोपरा' दोघांच्या हिशोबात दोन ठिकाणी येऊ शकतो. दोघांचे ऐकून एकच कपाट वारंवार हलवणारी कुटुंबे माझ्या पाहण्यात आहेत. त्यापेक्षा घरातील प्रत्येक खोलीत सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला थोडा वेळ नुसते बसावे, ऊन कोठे पडते, माणसे कोठे अडखळतात, कोणत्या खुर्चीवर कोणीच बसत नाही, हे पाहावे, आणि मगच सामान हलवावे किंवा नवीन घ्यावे.

झोपण्याच्या खोलीबाबत मला फेंग शुईचे म्हणणे जवळजवळ पूर्ण पटते. पलंगावरून दार दिसावे पण पाय थेट दाराकडे नसावेत, डोक्यामागे भिंत असावी, वर बीम नसावा आणि झोपताना समोर आरसा नसावा. दाराकडे पाठ असली की माणूस सावध राहतो, आणि अपरात्री जाग आल्यावर आरशातली हालचाल दचकवते. आम्ही आरसा कपाटाच्या दाराच्या आतून लावून घेतला. बीम मात्र हलवता येत नाही, म्हणून पलंगच दीड फूट खिडकीकडे सरकवला.

हाच दाराचा नियम मी मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला लावू पाहत होते. तिचे टेबल खिडकीला लागून आहे, म्हणजे दाराकडे तिची पाठ येते. ते फिरवू या, असे मी सुचवले, तेव्हा ती म्हणाली, "आई, मला लिहिताना डावीकडून उजेड हवा असतो, आणि मान वर केली की समोर शिरीषाचं झाड दिसतं. दार कोण उघडतंय ते मला आवाजावरून कळतं." टेबल जेथे होते तेथेच आहे. तिच्या खोलीत आम्ही आता दार वाजवून जातो.